पैशाचे सोंग

'सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही' ही म्हण आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. ज्याने ती प्रथम उच्चारली, त्याच्यापुढे रिकामी पेटी आणि दाराशी येऊन बसलेला सावकार असावा. त्या अर्थाने म्हण आजही खरी आहे. परंतु गेल्या पंधरावीस वर्षांत एक अशी विद्या वाढीस लागली आहे, की जिच्या रोजच्या कामात पैशाचे सोंग आणणे हा एक मोठा आणि अगदी प्रामाणिक भाग होऊन बसला आहे. आपल्या सातारा-सांगलीकडच्या घराघरांतली मुलेमुली पुण्यास हिंजवडी-खराडीच्या कचेऱ्यांत जे काम करतात, त्यांच्या बोलण्यात 'मॉक' हा शब्द वारंवार येतो. तो शब्द म्हणजेच हे सोंग. वसंत व्याख्यानमालेच्या पुष्पांत असा रूक्ष विषय कोठून शिरला, असे कोणास वाटल्यास नवल नाही. पण ज्या व्यवस्थेवर आपला रोजचा बाजार चालतो, तिची तालीम कशी होते हे नागरिकांस ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने आम्ही तो हाती घेतला आहे.

एका क्षणातला प्रवास

साताऱ्यात आपण पावशेर कंदी पेढे घेतो, दुकानातल्या चौकोनी ठशावर फोन धरतो, आकडा घालतो, गुप्त क्रमांक देतो आणि दोनतीन सेकंदांत दुकानदाराचे यंत्र पैसे आल्याची आरोळी देते. या दोनतीन सेकंदांत काय घडते? आपल्या फोनमधील प्रोग्राम आपली विनंती एका बँकेमार्फत राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडे पाठवितो. २००८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने २०१६ साली यूपीआय ही पद्धती सुरू केली. महामंडळ आपल्या बँकेला विचारते, 'या खात्यातून एवढी रक्कम वजा करता काय?' बँक होकार देते. मग दुकानदाराच्या बँकेला निरोप जातो, 'एवढी रक्कम जमा करा.' तिचाही होकार येतो आणि तो उलट्या वाटेने आपल्या फोनपर्यंत पोचतो. ऑगस्ट २०२५ मध्ये असे व्यवहार एका महिन्यात प्रथमच २००० कोटींच्या वर गेले.

हे सारे प्रोग्राम निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या यंत्रभाषांत लिहिलेले असतात. तरी ते एकमेकांशी बोलतात, कारण कोणी काय विचारावे आणि त्याचे उत्तर कोणत्या स्वरूपात यावे याचा लेखी रिवाज ठरलेला असतो. या रिवाजास एपीआय म्हणतात. बँकेच्या खिडकीवरील भरण्याची स्लिप आठवा. तारीख कोठे, खाते क्रमांक कोठे, रक्कम अक्षरी कोठे हे छापलेले असते. खिडकीमागे कोण बसले आहे आणि तो आत जाऊन कोणती वही उघडतो, याच्याशी आपला संबंध नसतो. स्लिप बरोबर असली तर शिक्का मिळतो, चुकली तर परत येते. एपीआय म्हणजे यंत्रांनी यंत्रांसाठी छापलेली अशीच स्लिप आणि तिच्यावर उमटणारा शिक्का.

सोंगाची गरज कोठे पडते

आता समजा, सांगलीतील चार तरुणांनी हळदीच्या सौद्यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम लिहावयास घेतला आहे. सौदा झाला की शेतकऱ्याच्या खात्यावर पैसे जावेत आणि त्याच्या फोनवर संदेश यावा, अशी योजना आहे. पैसे देण्याचे काम बँकेच्या एपीआयचे, संदेशाचे काम दुसऱ्या कंपनीच्या एपीआयचे. प्रोग्राम तयार होत असताना तो दिवसातून शेकडो वेळा चालवून पाहावा लागतो. प्रत्येक वेळी खरे पैसे पाठवावयाचे काय? तसे केले तर संध्याकाळपर्यंत भांडवल संपेल. बँका चाचणीसाठी 'सँडबॉक्स' म्हणून एक वेगळी खिडकी देतात हे खरे, पण ती कधी बंद असते, कधी मंद असते, आणि तिची परवानगी मिळण्यास वेळ लागतो. शिवाय बँक बिघडली तर आपला प्रोग्राम काय करील, हे पाहण्यासाठी बँकेस 'कृपया दहा मिनिटे बिघडा' अशी विनंती करता येत नाही.

येथे सोंग उपयोगी पडते. बँकेच्या खिडकीसारखीच दिसणारी एक खिडकी आपल्याच यंत्रावर उभी करावयाची. स्लिप तीच, शिक्का तोच, फक्त मागे तिजोरी नाही. आपल्या प्रोग्रामला तो फरक कळत नाही आणि कळूही नये. नाटकाच्या तालमीत मुख्य नट आला नसेल तर दुसरा कोणी त्याची वाक्ये म्हणतो आणि बाकीच्यांची तालीम अडत नाही. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ज्या गावी 'सीतास्वयंवर' उभे केले, त्या सांगलीत ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

सोंगाच्या तऱ्हा

ही सोंगे वठविणारी साधने आज पुष्कळ आहेत आणि नवशिक्याची पहिली अडचण निवडीचीच असते. आमच्या मते नावे पाठ करण्याऐवजी एक प्रश्न विचारावा: या सोंगाला वाक्ये कोण पढवितो? त्यावरून चार तऱ्हा सहज वेगळ्या होतात.

पहिल्या तऱ्हेत वाक्ये आपण स्वतः लिहून देतो. 'अमुक विचारले तर तमुक सांग' अशी यादी करावयाची. या वर्गातील जुने व भारदस्त साधन म्हणजे २०११ साली जावा भाषेत सुरू झालेले वायरमॉक. ते चाचणीच्या आत चालते आणि स्वतंत्र सर्व्हर म्हणूनही उभे राहते. मॉकून हे त्याचे सुटसुटीत भावंड म्हणावे. खिडक्या आणि बटणे असलेला हा प्रोग्राम आपल्या संगणकावर उतरवून घेतला की अर्ध्या तासात पहिले सोंग उभे राहते. पोस्टमन या साधनाचा जन्म आपल्याच देशातला, बंगळूरचा. त्यात विनंत्यांचे जे नमुने साठवून ठेवलेले असतात, त्यांतूनच इंटरनेटवर एक सोंग उभे करता येते आणि त्याचा पत्ता दूरच्या सहकाऱ्यास देता येतो. माउंटबँक हे साधन वेबच्या पलीकडे जाऊन टपालाची व इतर जोडण्यांची सोंगेही आणते. त्याच्या कर्त्याने आपल्या सोंगांना 'इम्पोस्टर', म्हणजे चक्क 'तोतये' असे नाव दिले आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभ्या राहिलेल्या तोतयास १७७६ साली देहान्त शासन झाले. हे तोतये मात्र निरुपद्रवी, कारण ते तोतये आहेत हे सर्वांस आधीच माहीत असते.

याच वर्गात एमएसडब्ल्यू हे निराळ्या बैठकीचे साधन येते. ते स्वतंत्र सर्व्हर उभारीत नाही. ब्राउझरच्या आतच उंबऱ्यावर बसून बाहेर जाणारी विनंती अडविते आणि तेथल्या तेथे उत्तर देते. पडद्यावरचा भाग लिहिणाऱ्यांस ते फार सोयीचे पडते.

दुसऱ्या तऱ्हेत वाक्ये रिवाजाच्या कागदावरूनच निघतात. एपीआयचे वर्णन लिहिण्याची एक सर्वमान्य पद्धती आहे, तिला ओपनएपीआय म्हणतात. २०११ च्या सुमारास 'स्वॅगर' या नावाने ती निघाली आणि २०१५ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आली. असा कागद तयार असला तर प्रिझम हे साधन तो वाचून आपोआप सोंग उभे करते. एवढेच नव्हे, तर आपण पाठविलेली विनंती कागदाबरहुकूम नसेल तर कान पकडते. मायक्रॉक्स हे साधन याच वाटेने जाते आणि एकापेक्षा अधिक प्रकारच्या रिवाजांचे कागद वाचते. बँकेची खरी खिडकी अजून बांधून व्हावयाची आहे, पण स्लिप छापून झाली आहे, अशा वेळी हा मार्ग उत्तम.

तिसऱ्या तऱ्हेत सोंग खऱ्याचे ऐकून शिकते. हॉव्हरफ्लाय हे साधन आपला प्रोग्राम आणि खरी सेवा यांच्या मध्ये बसते, दोघांचे बोलणे टिपून घेते आणि मग खरी सेवा दूर केल्यावर तेच बोलणे परत म्हणून दाखविते. वायरमॉकलाही ही विद्या येते. यात श्रम कमी आणि वास्तवता अधिक. पण एक धोका आहे. टिपणात खऱ्या माणसांची नावे, खाते क्रमांक, फोन क्रमांकही उतरतात. ती फाईल मग दहा जणांच्या संगणकांवर फिरते. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ साली संमत झाला. पण कायदा नसता तरी दुसऱ्याचे पासबुक चव्हाट्यावर ठेवणे हे गैरच. टिपण घेतल्याबरोबर खरी नावे पुसून खोटी घालावीत, हा नियम कधीही मोडू नये.

चौथी तऱ्हा या सर्वांहून वेगळी आहे. तिचे उदाहरण पॅक्ट हे साधन. २०१३ साली ऑस्ट्रेलियातील एका घरबांधणीच्या जाहिरातींच्या कंपनीत ते निघाले. येथे सोंगाबरोबर चाचणी झाली की सोंगाने काय गृहीत धरले होते याचा एक करारनामा आपोआप तयार होतो. तो खऱ्या सेवेच्या लोकांकडे जातो आणि त्यांना आपल्या प्रोग्रामकडून तो पाळून दाखवावा लागतो. म्हणजे सोंग एकतर्फी राहत नाही. त्यावर दोन्ही पक्षांची सही होते. अशी सही नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आकाशात आहे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेचे एक यान मंगळाशी पोचताच नष्ट झाले. एका प्रोग्रामने जोराचा आकडा पौंडांच्या मापात दिला आणि दुसऱ्याने तो न्यूटनच्या मापातला समजून घेतला; दोन्ही मापांत सुमारे साडेचार पटींचा फरक. प्रोग्राम दोन्ही आपापल्या घरी शहाणे होते. त्यांच्यामधला रिवाज कोणी तपासला नव्हता.

मौनाचे सोंग

एवढ्याने साधनांची ओळख झाली. परंतु साधन चांगले की वाईट हे ठरविणारा खरा निकष आणखी पुढे आहे. सोंग गोड बोलते हे पुरेसे नाही. ते वाईट बोलू शकते काय, उशिरा बोलू शकते काय, आणि मुख्य म्हणजे गप्प बसू शकते काय?

पैशाच्या व्यवहारात 'होय' आणि 'नाही' ही दोन्ही उत्तरे सोपी आहेत. कठीण असते ते मौन. शेतकऱ्याच्या खात्यावर पैसे पाठवा, असे आपण बँकेस सांगितले आणि उत्तरच आले नाही. पैसे गेले की नाही? निरोप जाताना हरवला असेल तर गेले नाहीत. शिक्का परत येताना हरवला असेल तर गेले. अशा वेळी पुन्हा पाठविले तर दोनदा जाण्याची भीती, आणि न पाठवावे तर शेतकरी उपाशी. म्हणून शहाणा प्रोग्राम प्रत्येक व्यवहारास एकच स्वतंत्र क्रमांक देतो, मौनानंतर पैसे पुन्हा न पाठविता त्या क्रमांकाची फक्त चौकशी करतो, आणि ती चौकशीही थांबून थांबून, मोजक्याच वेळा करतो.

हे न पाळल्याचा परिणाम देशाने पाहिला आहे. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय कित्येक तास अडखळली. 'आमच्या व्यवहाराचे काय झाले?' या चौकशीच्या विनंत्यांचा लोंढा हे त्याचे प्रमुख कारण असल्याचे तपासात दिसून आले. खिडकीवर एकच माणूस दर सेकंदाला 'माझे झाले काय, माझे झाले काय' असे विचारू लागला म्हणजे रांगेतल्या कोणाचेच होत नाही, तसाच हा प्रकार. त्यानंतर महामंडळाने असल्या चौकश्यांवर बंधने घातली. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून शिल्लक पाहण्यासही दिवसाला ५० वेळांची मर्यादा आली.

आता हे तालमीशी कसे जुळते ते पाहा. ज्या प्रोग्रामने आयुष्यभर तत्काळ 'होय' म्हणणारे सोंगच पाहिले, त्याला मौनाची सवय कोठून असणार? म्हणून या बाबतीत साधनांची तुलना करावी. वायरमॉक उत्तर हवे तितके लांबवू शकते, अर्ध्यावर तोडू शकते, जोडणीच झटकून टाकू शकते. शिवाय त्याला आठवण ठेवता येते: पहिल्यांदा विचारले तर 'प्रलंबित', दुसऱ्यांदा 'प्रलंबित', तिसऱ्यांदा 'जमा' असे क्रमाने बोलण्यास ते शिकविता येते. हॉव्हरफ्लाय आणि माउंटबँक यांनाही विलंब व क्रम जमतो. मॉकूनमध्ये विलंब व नियमांनी उत्तर बदलणे बटणांनीच साधते. पोस्टमनच्या सोंगात मुख्य भर साठविलेल्या नमुन्यांवर असल्याने दाखविण्यासाठी ते उत्तम, पण खोल बिघाडाच्या तालमीस तोकडे. प्रिझम कागदाशी इमानी असते, परंतु मागचे काही लक्षात ठेवीत नाही. आता भरलेली रक्कम पुढल्या प्रश्नात शिल्लक म्हणून दाखवील अशी अपेक्षा त्याच्याकडून करू नये. एमएसडब्ल्यू ब्राउझरच्या आत असल्याने पडद्यावरील प्रोग्रामची परीक्षा ते चांगली घेते. मात्र सर्व्हर-सर्व्हरमधील जाळ्याचे खरे धक्के त्याच्या आवाक्याबाहेरचे.

कोयनेचा धडा

तरीही कोणतेही साधन घेतले तरी एक गोष्ट शिल्लक राहतेच. सोंगाला तेवढेच ठाऊक असते जेवढे आपल्याला ठाऊक असते. हे समजण्यासाठी सातारा जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही.

नमुना करून पाहणे ही अभियंत्यांची जुनी रीत आहे. पुण्याजवळ खडकवासल्यास असलेल्या, १९१६ साली स्थापन झालेल्या जलसंशोधन केंद्रात नद्यांचे आणि धरणांचे लहान नमुने करून त्यांतून पाणी सोडले जाते. तेथील जाणते लोक एक गोष्ट कधी विसरत नाहीत: नमुन्यात सांडवा पन्नासावा हिस्सा होतो, पण पाण्याचा पृष्ठताण पन्नासावा हिस्सा होत नाही. म्हणून नमुना कोठे खरे बोलतो आणि कोठे बोलत नाही याची नोंद नमुन्याबरोबरच ठेवावी लागते.

कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण बांधले गेले तेव्हा दख्खनचा हा भाग भूकंपाच्या दृष्टीने शांत मानला जात होता. आराखड्यात भूकंपाचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट धरला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. धरणातील यंत्राने प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट आणि धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ पट इतका क्षणिक वेग-बदल नोंदला. आराखड्यातील आकडा आणि क्षणिक कमाल नोंद ही नेमकी एकाच जातीची मापे नव्हेत, हे मान्य. तरी अंतर केवढे ते दिसते. धरणाला चिरा गेल्या, पण ते उभे राहिले आणि पुढे त्यास बळकटी देण्यात आली. हिशेब करणाऱ्यांची बेरीज चुकली नव्हती. प्रश्नच लहान धरला होता.

संगणकाच्या सोंगाचेही तसेच आहे. बँक उत्तर देण्यास फार तर पाच सेकंद लावील असे आपण धरले, सोंगाला तेच पढविले आणि शंभर चाचण्या हिरव्या झाल्या. त्या हिरव्या रंगाने बँकेविषयी काहीच सिद्ध झाले नाही. आपण आपल्याच समजुतीशी एकमत झालो, एवढेच सिद्ध झाले. त्यात खरी सेवा मधूनच आपला रिवाज बदलते. कालपर्यंत रक्कम रुपयांत येत होती, आज पैशांत येते. सोंग मात्र कालचीच वाक्ये म्हणत राहते.

निवड कशी करावी

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. अशा ठिकाणी शिकणाऱ्यांनी किंवा गावातल्या लहान मंडळीने निवड कशी करावी, याचे आमचे मत थोडक्यात असे.

एकट्याने किंवा दोघांनी काम चालले असेल तर मॉकूनपासून प्रारंभ करावा. ते मुक्त आहे, पैसे पडत नाहीत, आणि एकदा उतरविल्यावर इंटरनेट गेले तरी चालते. केवळ पडद्याचे काम असेल तर एमएसडब्ल्यू. ग्राहकास किंवा दूरच्या सहकाऱ्यास रूप दाखवावयाचे असेल तर पोस्टमन; मात्र त्याच्या फुकट वापरास महिन्याची मर्यादा असते. रिवाजाचा कागद आधी तयार असेल तर प्रिझम किंवा मायक्रॉक्स. जुनी सेवा आहे, कागद कोणाकडेच नाही, अशा ठिकाणी हॉव्हरफ्लायने टिपण घ्यावे. पैशाचा, औषधाचा किंवा माणसाच्या ओळखीचा व्यवहार असेल तेथे वायरमॉकसारखे बिघाड दाखविणारे साधन घ्यावे आणि दोन्ही बाजू आपल्या हाती असतील तर पॅक्टचा करार जोडावा. परक्या बँकेकडून असा करार पाळून घेणे बहुधा शक्य नसते. तेथे रोज रात्री एकदा तरी सँडबॉक्सच्या खऱ्या खिडकीवर जाऊन सोंग आणि खरे यांचे बोल ताडून पाहावेत.

साधन कोणतेही असो, प्रत्येक सोंगाबरोबर एक कागद असावा: हे सोंग कोणत्या तारखेच्या रिवाजाचे आहे, यात काय गृहीत धरले आहे, आणि खऱ्याशी ते शेवटचे कधी ताडले. खडकवासल्याच्या नमुन्यास जी शिस्त लागते तीच येथे लागते. या कागदास पैसा लागत नाही; आणि तो नसला म्हणजे महागातले साधनही शोभेचे ठरते.

म्हणीकडे पाहिले तर तिचा अर्थ आता थोडा खुलासेवार करावा लागतो. पैशाचे सोंग आणता येते, पण तालमीत. ते जितके कठोर, जितके खोडकर, तितका खरा व्यवहार निर्धोक. ज्या मंडळीने आपल्या सोंगाला मौन शिकविले, तिचा प्रोग्राम बँक गप्प झाली म्हणून गोंधळणार नाही. आणि हळद विकून घरी निघालेल्या शेतकऱ्यास आपले पैसे गेले कोठे म्हणून दोन दिवस खेटे घालावे लागणार नाहीत. आपली मुले पुण्याहून घरी आली म्हणजे त्यांना एवढेच विचारावे: तुमचे सोंग 'नाही' म्हणते काय, आणि ते गप्प राहते काय?